अकरा ते दोन

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

आशीर्वाद. हे फोनवर बोलता येत नाही म्हणून कागद घेतला. फोन वाजला की नानांचे कान दाराच्या फटीला लागतात. वडिलांचे पाय थकले, पण कान अजून विशीतले आहेत.

नाना बरे आहेत, म्हणजे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जेवढं बरं असायचं तेवढं. भिंत धरून बाथरूमपर्यंत जातात, दार लावून घेतात, आंघोळ करून येतात. मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकते. उठता-बसता मात्र धरावं लागतं, आणि धरणारीचेच गुडघे कुरकुरतात. आंधळ्यानं लंगड्याला सांभाळावं, तशातली गत. तीस वर्षं पायाच्या मशिनवर शाळांचे गणवेश शिवले, त्याचं हे बक्षीस. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, उजवा गुडघा या वर्षी बदलला नाहीत तर पुढच्या वर्षी काठी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी खाट." ऑपरेशननंतर सहा आठवडे मला कुणाला उचलायचं नाही. मी नाही उचलायचं, तर नानांना कोण उचलणार?

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक माणूस सुचवलाय. वीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात रुग्णांचं सगळं केलेला. रोज सकाळी तीन तास यायला तयार आहे. नानांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ म्हणेल तसं." जन्मभर स्वतःचंच खरं करणारा माणूस "भाऊ म्हणेल तसं" म्हणतो, यावरून काय ते ओळख.

तर तू काय म्हणतोस? लोभ आहेच, तो असावा असं मुद्दाम लिहीत नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र वाचल्यापासून दोन दिवस कागदगिरणीत माझं लक्ष नव्हतं.

परका माणूस नानांना आंघोळ घालणार? आई चार वर्षं अंथरुणावर होती, ती पडली तेव्हा तू अकराची, मी आठ वर्षांचा. नानांनी सलून सांभाळून तिचं सगळं केलं. आपण शाळेतून यायचो तेव्हा चादर बदललेली, केस विंचरलेले, खोलीत औषधाचा वास नाही. एक परका हात तिला लागू दिला नाही त्यांनी. "आपल्या माणसाचं आपण करायचं," हे वाक्य ऐकत आपण वाढलो. आणि आता आपण दोघं धडधाकट असताना (तुझा गुडघा सोडून) नानांच्या अंगाला बाहेरचा माणूस? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, आई काय म्हणाली असती?

माझी दोन वर्षं राहिली आहेत. निवृत्त झालो की मी येतोच. तोवर तेल लाव, गोळ्या घे, दमानं घे. सोबत एक वेळापत्रक पाठवतोय. गिरणीत चाळीस माणसांची पाळी मी कागदावर बसवतो, एका म्हाताऱ्याची बसवणं काय अवघड? साडेसहाला चहा, सातला पाय चोळणे, साडेसातला आंघोळ, असं पाळलंस तर तुझी धावपळ निम्म्यावर येईल.

तुझी वहिनी मागून म्हणतेय, "उंटावरून शेळ्या हाकू नका. स्वतःचा बनियन कुठे असतो ते मला विचारता, आणि नानांची आंघोळ बसवताय!" तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा भाऊ


२० मार्च

प्रिय भाऊ,

उत्तराला उशीर झाला. तुझं वेळापत्रक भिंतीला लावलंय. नाना रोज त्याच्याकडे बघून विचारतात, "काय गं, आज गिरणी चालू आहे का?"

बाकी सगळं ठीक. नानांची आंघोळ रोज व्यवस्थित होते. दाढी गुळगुळीत. पाठीला पावडर लावून, स्वच्छ सदरा घालून खिडकीत बसतात. जेवण वाढलंय. परवा तर गाणं गुणगुणत होते, शब्द विसरले तरी चाल पक्की होती. मंगळवारी मी बाजारात जाऊन आले, येताना मैत्रिणीकडे तासभर टेकले. डॉक्टरांनी माझ्यासाठी बारा जून लिहून ठेवलीय. पेन्सिलीनं हं, तू लगेच उडू नकोस.

काळजी करू नकोस.

ताई


२८ मार्च

प्रिय ताई,

बघ! मनात आणलं की होतं. गिरणीत सगळ्यांना सांगितलं, माझी एकसष्ट वर्षांची बहीण, गुडघे गेलेत, तरी बापाचं सगळं एकटी करते आणि वर बाजारहाटही करते. आमचे साहेब म्हणाले, "अशी माणसं आता राहिली नाहीत." मला फार बरं वाटलं.

तू तासभर बाहेर होतीस तेव्हा शेजारच्या काकू नानांपाशी बसल्या असतील. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि त्या पेन्सिलीच्या तारखेचं काय, आता तुझं इतकं छान जमतंय तर ती पुढे ढकलता येईल, नाही का?

तरी मलाही काही लाज आहे. दहा एप्रिलपासून दहा दिवसांची रजा मिळाली आहे. येतो. त्या दहा दिवसांत तू नुसतं बसून राहायचं. नानांचं मी करीन.

तुझा भाऊ


२ एप्रिल

प्रिय भाऊ,

तू येतोस म्हटल्यावर आनंदच आहे. पण दहा एप्रिलला घर रंगवायला काढायचं म्हणतेय. सगळं सामान मधल्या खोलीत येईल, तुला झोपायला जागा उरणार नाही. शिवाय रंगाच्या वासानं तुझा दमा उसळतो. ऊनही फार आहे यंदा. मे अखेर आलास तर?

नाना मजेत.

ताई


२४ एप्रिल

ताई,

घरात रंगाचा एक डबाही नव्हता.

स्टेशनवरून आलो तेव्हा तू नजर चुकवत होतीस, पण मला वाटलं गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी नऊला दार वाजलं. मी उघडलं. समोर काडीसारखा माणूस, हातात स्वतःचे रबरी बूट. मला म्हणतो, "नाना उठले का?" माझ्या वडिलांच्या दारात मला विचारतो! आणि आतून नाना हाक मारतात, "ये रे पैलवाना!" अंगावर मांस नाही आणि नाव पैलवान. मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. वाईट बोललो नाही, पण चांगलंही बोललो नाही.

मग तीन दिवस मी केलं. मनापासून केलं. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये नानांनी कमरेचा टॉवेल दोन्ही हातांनी धरून ठेवला, सोडेनात. मी म्हटलं, "नाना, मी तुमचा मुलगा आहे." ते म्हणाले, "म्हणूनच." डोळे लाल झाले होते. मला वाटलं साबण गेला. त्या दिवशी जेवले नाहीत. तू चमचा पुढे केलास तरी तोंड फिरवून बसले. मी दहा दिवसांसाठी आलो आणि पाचव्या दिवशी निघालो, ते काही गिरणीतून बोलावणं आलं म्हणून नाही.

राग आहे तो लपवण्याचा. मी इथे चार माणसांत छाती फुगवून सांगत होतो, आणि तू तिकडे माझ्या पाठीमागे माणूस ठेवलास. आणि त्याहून मोठं म्हणजे, तू नानांना परक्या हाताची सवय लावलीस. आता पोटच्या पोराचा हात त्यांना नकोसा झाला. त्या माणसाला बंद कर. तुझ्या ऑपरेशनचं माझ्या निवृत्तीनंतर बघू.

भाऊ


३ मे

प्रिय भाऊ,

लपवलं, ती चूक माझी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत कोळसा असला की हातच भाजतो. बाकीचं मात्र ऐकून घे.

तुझा नकार आल्यावर मी आठ दिवस थांबले होते. नवव्या दिवशी सकाळी नाना बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले ते उठेनात. त्यांना उठवता उठवता मीही शेजारी बसले, आणि मग मलाही उठता येईना. दूधवाला येईपर्यंत आम्ही बापलेक अर्धा तास तिथेच. नाना म्हणाले, "आता भाऊचं वेळापत्रक काय म्हणतं?" हसलो दोघं, पण दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडला.

पैलवान दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, साबणाची ही वडी कधी काढलीत?" मी म्हटलं, महिना झाला. त्यानं ती माझ्या हातात दिली. वरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. भाऊ, नाना आंघोळ करतच नव्हते. दार लावून नळ सोडायचे, केसांवरून ओला हात फिरवायचे आणि बाहेर यायचे. एकट्याला वाकता येत नव्हतं, आणि त्यांना मला आत बोलवायचं नव्हतं. पाठीला, मांडीला कातडी सोलवटली होती. मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची आणि समाधान मानायची. तेव्हा कुठलाही परका हात त्यांच्या अंगाला लागलेला नव्हता. म्हणजे सवय लागल्यामुळे तुझा हात नकोसा झाला, हे खरं नाही. माझाही नको होता, पैलवान येण्याच्या कितीतरी आधीपासून.

तू विचारलं नाहीस, मी विचारलं. म्हटलं, "नाना, आमचं काय चुकतं?" नानांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "तुम्हा पोरांच्या डोळ्यांत मी अजून उभा आहे. तेवढं एक ठिकाण राहू दे."

आणि पैलवानाचं कसं जमलं, तेही सांगते. पहिल्या दिवशी त्यानं बादलीला हात लावण्याआधी नानांच्या हातात मग दिला. म्हणाला, "पाणी किती, कधी, ते तुम्ही सांगा. मी नुसता चोळणार." नाना त्याच्याकडे बघतच राहिले. तुला आठवतं, सलूनला सुट्टी असायची त्या दिवशी नाना घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसांच्या दाढ्या करायचे? वस्तरा काढायच्या आधी ते साबणाची वाटी त्या माणसाच्या हातात द्यायचे. "धरा जरा, मला दोनच हात आहेत," म्हणायचे. आजारी माणूस नुसता पडून राहिला नाही, तोही कामाला लागला, एवढंच त्यात. नानांनी पैलवानाला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "वॉर्डातल्या एका पेशंटनं. रागावून शिकवलं." झालं, तेव्हापासून दोघांचं गूळपीठ.

तू गेलास त्या दुपारी नानांनी स्वतः निरोप पाठवून त्याला परत बोलावलं. मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. पण तू "हो" म्हणाल्याशिवाय मला ऑपरेशनला निघवत नाही. सहा आठवडे नाना तुझ्या मनाविरुद्ध राहिले, ही टोचणी मला त्या गुडघ्यापेक्षा जास्त होईल. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण तुझंही जळतंय, हे मला दिसतं.

नाना तुला पत्र धाडतायत. हात थरथरतो म्हणून पैलवान लिहून घेतोय. मला खोलीबाहेर काढलंय. काय लिहिलंय ठाऊक नाही, पाकीट चिकटवून हातात देणार आहेत.

ताई


३ मे

भाऊ,

अक्षर पैलवानाचं, बोल माझे. मध्येच कुठे शहाणपणाचं वाक्य आलं तर ते त्याचं समज.

तू म्हणतोस, तुझ्या आईला परका हात लागला नाही. लागला. रोज लागला, अकरा ते दोन.

पहिले सहा महिने मी एकट्यानं रेटलं. मग एक दिवस सलूनमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागली आणि गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात एक बाई पाठवली. तुम्ही दोघं शाळेत असायचात. ती मागच्या दारानं यायची, मागच्याच दारानं जायची. आंघोळ, चादर, केस, सगळं तिचं. तुझी आईच म्हणाली होती, "पोरांना सांगू नका. त्यांना वाटू दे, घरच्यांनीच केलं." तिला भीती होती, तुम्हाला वाटेल की बापाला तिचा कंटाळा आला. मी हो म्हटलं. मला काय, सोयीचंच होतं. तू शाळेतून यायचास आणि म्हणायचास, "नाना, आईला किती छान ठेवलंत." मी गप्प. दुसऱ्याच्या हातांची शाबासकी साडेतीन वर्षं खाल्ली आणि पुढे शेचाळीस वर्षं पचवली. "आपल्या माणसाचं आपण करायचं," हे मी कधीपासून म्हणायला लागलो, आठव. आई गेल्यानंतर. आधी नाही.

आम्ही तिला अकरावाली म्हणायचो. नाव असेलच तिला. मी कधी लक्षात ठेवलं नाही. इथे पैलवान लिहायचा थांबला. मी म्हटलं, लिही.

आई गेली त्या दिवशी ती अकरालाच आली. घर माणसांनी भरलेलं, मागचं दारसुद्धा. ती रस्त्यापलीकडे उभी राहिली. माझी तिची नजरानजर झाली. तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना. तिला आत बोलावलं असतं तर कोण म्हणून सांगावं लागलं असतं. मी मान फिरवली. पुन्हा बघितलं तेव्हा ती नव्हती. साडेतीन वर्षं जिनं तुझ्या आईचे केस विंचरले, तिला मी शेवटचं तोंड बघू दिलं नाही. पुढे दोनदा शोधायला गेलो. ती गाव सोडून गेली होती.

हे ताईला सांगायला तोंड नव्हतं. तुला सांगितलं, कारण तू माझ्या त्या वाक्यावर घर बांधून बसलास आणि त्या घरात आता तुझ्या बहिणीचा गुडघा अडकलाय. तिला थांबवू नकोस.

तुझा हात वाईट नाही. साबण फार लावतोस, एवढंच.

नाना


२१ मे

प्रिय ताई,

नानांचं पत्र सोबत पाठवतोय. तू वाच. वाचून झाल्यावर त्यांना काही विचारू नकोस, नुसती जवळ बस.

मला उत्तराला इतके दिवस लागले, कारण मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होतो. पाचवीत असताना एकदा पोट दुखतं म्हणून मला मधूनच घरी सोडलं होतं. मागच्या पायरीवर एक बाई हात झटकत बसली होती. मी आत जायला लागलो तर म्हणाली, "आई आत्ताच झोपलीय, राजा. थोडा बस माझ्यापाशी." मला पाणी दिलं. नाना येईपर्यंत माझी पाठ चोळत राहिली. मला वाटलं, काहीतरी विकायला आलेली असेल. तोंड आठवत नाही. बोटं आठवतात, पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली. म्हणजे मीसुद्धा त्याच हाताखालून गेलोय, ताई. आणि तीन महिने मी तुला परका हात, परका हात म्हणून ओरडतोय.

हो म्हणतो. डॉक्टरांना तारीख शाईनं लिहायला सांग.

मी सहा आठवड्यांची रजा टाकली आहे. साहेब म्हणाले, "बहीण करते ना सगळं?" मी म्हटलं, "नाही साहेब, माणूस ठेवलाय. मी नुसता घरात असायला चाललोय." त्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही. तुझ्या वहिनीला कळलं. तिनं न सांगता माझी बॅग भरली आणि बनियन कुठे आहेत त्याची चिठ्ठी वर ठेवली.

पैलवानांना सांग, नऊला दार मी उघडेन.

तुझा भाऊ


१६ जून

प्रिय भाऊ,

जिल्ह्याच्या इस्पितळातून लिहितेय. गुडघा नवीन, बाकी बाई जुनीच. काल दोघी नर्सबाईंनी धरून चार पावलं चालवलं. पाचव्याला मी शिव्या द्यायला लागले, म्हणून थांबवलं.

नानांच्या पत्राबद्दल लिहायला अजून जमत नाही. मी तेव्हा मोठी होते, मला कळायला हवं होतं. आईची वेणी रोज तीन पेडांची असायची. नानांना तीन पेड कधी येत होते?

एक सांगते. काल एका पंचविशीतल्या मुलीनं मला आंघोळ घातली. मी दहा वेळा म्हटलं, "राहू दे गं, मी करते." ती म्हणाली, "आजी, घरी गेल्यावर जन्मभर करा. आज माझी पाळी." आजी म्हणाली मला, बघ! पण खरं सांगू, तिच्यापुढे मला लाज वाटली नाही. तिला मी आधी कशी होते ते ठाऊकच नाही, त्यामुळे आता कशी झाले याचं तिला वाईट वाटायचा प्रश्नच नाही. तू किंवा वहिनी असतात तर मी टॉवेल घट्ट धरून बसले असते.

नाना कसे आहेत? खरं लिही.

ताई


२० जून

प्रिय ताई,

खरं लिहितो.

पहिल्या सकाळी आठपासून मी दारापाशी घुटमळत होतो. "त्या दिवशी माझं चुकलं," असं म्हणायचं घोकून ठेवलं होतं. नऊला दार उघडलं आणि तोंडातून निघालं, "बूट आत ठेवा, बाहेर ऊन लागतं." पैलवानांनी ठेवले. म्हणाले, "चहा मी दहानंतर घेतो." आमचं बोलणं तेवढंच झालं, पण झालं.

नानांची पाठ चांगली आहे. परवा रात्री जरा खोकला होता, काल गेला. दुपारी मी पेपर वाचून दाखवतो, ते मध्येमध्ये माझे उच्चार सुधारतात. संध्याकाळी मीच दाढी करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आधी स्वतःची नीट करायला शीक." मग तासभर शिकवलं मला, आरशासमोर उभं करून. अठ्ठावन्नाव्या वर्षी बापाकडून दाढी शिकलो. गालाला दोन ठिकाणी कापूस लावून फिरतोय.

काल शेजारच्या काकूंनी फाटकाशी गाठलं. "हे रोज येतात ते कोण रे? पाहुणे का?" मी म्हटलं, "नाही काकू, नानांना आंघोळ घालायला येतात. आम्हा दोघांना ते जमत नाही." काकू "अगं बाई," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "त्यांच्या ओळखीचं आणखी कुणी आहे का, रे?" काकांचं तसंच चाललंय म्हणे वर्षभर. आपल्याला पत्ताच नव्हता.

तू घाई करू नकोस. सहा म्हणजे सहा आठवडे. गिरणीत माझ्याशिवाय पान हलत नाही असं मला वाटायचं. इथे माझ्यावाचून काहीच अडत नाही. घास जड आहे, पण उतरतोय. माझं काम एवढंच, पाणी तापवून द्यायचं आणि टॉवेल घेऊन बाथरूमबाहेर स्टुलावर बसायचं.

आज आत दोघं कशावरून तरी मोठ्यानं हसत होते. नाना तर खोकला लागेपर्यंत. पूर्वी मी दार ढकलून "काय झालं, काय झालं" केलं असतं. आज बसून राहिलो. थोड्या वेळानं दार इतकंसं किलकिलं झालं, आतून नानांचा ओला हात बाहेर आला, आणि मी टॉवेल त्यात दिला.

तुझा भाऊ